पळून आलेल्याने दिलेली खबर

(‘लेख-लेखा’ परशेच्या शब्बाथनंतर, हावदाला झाल्यावर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेले भाषण; ध्वनिमुद्रणावरून)

 

आज सकाळी आपण ‘लेख-लेखा’ ऐकली. आब्राहाम अवीनू ३१८ माणसे घेऊन लोटाच्या सुटकेसाठी निघाले, ही कथा आपणा सर्वांना बालपणापासून ठाऊक आहे. मला त्या कथेतील अशा एका माणसाविषयी बोलावयाचे आहे, ज्याचे नावदेखील तेथे दिलेले नाही. तो एक पळून आलेला माणूस. राजे राजांशी लढले, सदोम लुटले गेले, आणि तेथे केवळ घर करून राहिलेला लोट, ज्याने हाती शस्त्र धरल्याचा कोठे उल्लेख नाही, तो चीजवस्तूंसह नेला गेला. त्या पळून आलेल्याने खबर आणली नसती, तर आब्राहाम आपल्या तंबूत स्वस्थ बसून राहिले असते.

मी परिचारिका. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत पदविका घेतली, आणि आमच्या मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की रुग्णाचा ताप नंतर पाहा, आधी नाव लिहा. नवजात बालकाच्या मनगटाला पट्टी बांधल्यावाचून त्याला आईपासून दूर न्यायचे नाही. नोंदवहीत जो नाही त्याला औषध मिळत नाही, जेवण मिळत नाही, आणि तो मेला तर कोणाला कळतही नाही.

येथे आल्यावर दक्षिणेतील एका रुग्णालयात मी अनेक वर्षे काम केले. नव्वदच्या दशकात युक्रेनमधून आलेली एक परिचारिका माझ्या पाळीत होती. तिचे नाव मी सांगणार नाही, कारण त्यामुळे आत असलेल्या माणसास त्रास होऊ शकतो. तिचा थोरला भाऊ खेरसोन शहरातच राहिला. विजेची कामे करणारा, मधुमेही गृहस्थ. २०२२ च्या मार्चमध्ये रशियन सैन्याने ते शहर घेतले. त्या उन्हाळ्यात काही सशस्त्र माणसे घरी आली आणि त्याला घेऊन गेली. नोव्हेंबरमध्ये शहर मुक्त झाले, परंतु जाणारे सैन्य कैद्यांना नदीपलीकडे, क्रिमियाकडे घेऊन गेले होते. त्यानंतर दीड वर्ष काहीही नाही. मग सुटून आलेल्या एका कैद्याने दूरध्वनीवर सांगितले, “अशा अशा नावाचा माणूस माझ्या कोठडीत होता. पाय सुजलेले होते.” एवढीच बातमी. पळून आलेल्याने दिलेली खबर ती हीच, असे माझ्या मनात आले.

तो एकटा नाही. अशा सुमारे १६,००० मुलकी नागरिकांची माहिती आपल्यापाशी असल्याचे युक्रेनचे लोकपाल सांगतात. शिक्षक, गावांचे प्रमुख, पत्रकार, पेन्शनर.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराविषयी थोडे सांगते; नर्सिंगच्या अभ्यासात आम्हाला त्याची ओळख करून देत, पण मी तो नीट वाचला या वयात. व्याप्त प्रदेशातील मुलकी माणसाला सुरक्षेच्या अत्यावश्यक कारणावाचून स्थानबद्ध करता येत नाही. केलेच, तर आठवड्याच्या आत त्याला घरी आणि जिनिव्हातील शोधकार्यालयाकडे कार्ड धाडू द्यावे लागते. महिन्याला निदान दोन पत्रे आणि चार कार्डे. रेडक्रॉसला भेटू द्यावे लागते. देशाबाहेर नेता येत नाही, ओलीस म्हणून धरता येत नाही, आणि कारण संपताच सोडावे लागते. यातील काहीही अवघड नाही. एका कार्डाला किती खर्च येतो?

सैनिकांच्या अदलाबदली होतात; तितके इकडून, तितके तिकडून. मुलकी माणसाच्या बदल्यात काय द्यायचे? कायद्याप्रमाणे त्याचा बदला व्हायचाच नाही, त्याला नुसते सोडायचे. आणि त्याच्यासाठी सैनिक देऊ लागलो, तर उद्या रस्त्यावरून आणखी माणसे उचलली जातील. बंदिवानांसाठी वाजवीहून अधिक मोल देऊ नये असे मिश्नामध्ये सांगितले आहे, त्यामागेही हीच भीती मानली जाते. म्हणून ही माणसे मागे राहतात. खेरसोनचे माजी महापौर व्होलोदिमिर मिकोलायेन्को यांना एप्रिल २०२२ मध्ये नेले, ते २४ ऑगस्ट २०२५ रोजी परतले. त्यांना पूर्वी एकदा सुटण्याची संधी आली असता त्यांनी ती आपल्या कोठडीतील अत्यवस्थ कैद्यास दिली, असे युक्रेनच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले आहे.

व्हिक्टोरिया रोशचिना या पत्रकार मुलीचे वृत्त सांगताना मला कष्ट होतात. ती ऑगस्ट २०२३ मध्ये व्याप्त प्रदेशात नाहीशी झाली. ती आमच्या ताब्यात आहे, हे रशियाने तिच्या वडिलांना पुढच्या वर्षी कळवले. त्याच वर्षी कैदेत ती मरण पावली, वय २७. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचा देह परत दिला, तेव्हा त्यावरच्या चिठ्ठीवर ‘अनोळखी पुरुष’ असे लिहिले होते. मी आयुष्यभर शेकडो चिठ्ठ्या बांधल्या आहेत. जिवंतांच्याही आणि मृतांच्याही.

आता माझी स्वतःची गोष्ट. २०२३ च्या डिसेंबरमध्ये माझी ही सहकारी एक अर्ज घेऊन माझ्या घरी आली. तिला सही हवी होती. मी म्हणाले, “आमची माणसे अजून भुयारात आहेत, आत्ता मला हे सांगू नकोस.” तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. चहा पिऊन गेली. काही आठवड्यांनी मी तेल अवीवच्या चौकात उभी होते. ओलिसांचे नातेवाईक मागत होते की रेडक्रॉसला आत जाऊ द्या, औषध पोहोचवा, जिवंत असल्याची खूण द्या. ओळीमागून ओळ तोच अर्ज. त्या रात्री मी तिला दूरध्वनी केला. क्षमा मागताना हिब्रू शब्द आठवेनात, मराठीतच काहीतरी बोलले. तिला समजले.

आणखी एक बोलते, कोणास रुचणार नाही. आपल्या देशाने हे करार १९५१ साली मान्य केले आहेत. आपल्या कोठड्यांतील पॅलेस्टिनी कैद्यांनाही रेडक्रॉसची भेट २०२३ च्या ऑक्टोबरपासून नाकारण्यात आली. त्यातील कोणी अपराधी असेल, त्याला न्यायालय शिक्षा करो. परंतु रुग्णाची नोंद नाकारणाऱ्या वॉर्डात मी काम केले नसते, मग तो वॉर्ड कोणाचाही असो.

बंदिवानांच्या सुटकेइतके मोठे मिझवा नाही, असे रामबाम यांनी सांगितले आहे. आपण काही ३१८ माणसे घेऊन निघू शकत नाही. पण अर्जाची ताकद आपल्या समाजाला ठाऊक आहे. १९६४ साली विवाहाच्या प्रश्नावर आपली माणसे यरुशलेममध्ये बसून राहिली आणि निर्णय बदलला.

तेव्हा पत्र कसे लिहावे, ते ऐका. रडगाणे नको, शिव्या नकोत. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मवर्ष, कोठून व कधी नेले, शेवटचे कोणी पाहिले. आजार आणि औषध ठळक लिहा; ‘इन्सुलिन’ हा शब्द वाचणाऱ्याला अडवतो. आणि प्रश्न असा विचारा की त्याचे उत्तर एका ओळीत देता येईल: हा माणूस तुमच्याकडे आहे काय? होय म्हटले की तो नोंदवहीत आला, आणि मग त्याला नाहीसा करणे कठीण होते. कुटुंबाने परवानगी दिल्यावाचून एकही नाव छापू नका. एक प्रत रेडक्रॉसला, एक आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला, एक आपल्याजवळ. दर महिन्याला पुन्हा तेच पत्र. कंटाळा येईल. येऊ द्या.

आपले जिवंत ओलीस २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये घरी आले. त्यांच्यापैकी काहींनी गोमेलची ब्राखा म्हटली असेल. कैदेतून सुटलेल्याने ती म्हणावयाची असते. माझी सहकारी आपल्या चालीरीती जाणत नाही, पण एलियाहू हनावीच्या नावाने मलिदा कसा करतात, हे तिने माझ्याकडून विचारून घेतले आहे. पोहे, नारळ, गूळ, वेलची, पाच फळे. भाऊ आला की करायचा, असा तिने नवस केला आहे.

मागच्या मेजावर कागद आणि पेन ठेवले आहेत. पहिले पत्र तिच्या भावाचे. जन्म १९५८, मधुमेह, पाय सुजलेले.