चित्राची किंमत



मी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतो. पुढच्या दातांनी ब्रश धरला तर दात हलू लागतात, म्हणून तो दाढांखाली घ्यायचा. दांडा लांब हवा. नाहीतर डोळे कॅनव्हासच्या इतके जवळ येतात की काय रंगवतोय तेच कळत नाही. टर्पेंटाइनचा वास थेट नाकात जातो, म्हणून तेलरंग सोडून मी ॲक्रिलिककडे वळलो. पण ॲक्रिलिक भराभर वाळतं आणि मान दुखली की मला थांबावंच लागतं. कॅनव्हासच्या वरच्या भागापर्यंत मान पोचत नाही. मग चित्र उलटं ठेवून घ्यायचं आणि आकाश खालच्या बाजूला आणून रंगवायचं. ते उलटं करायला, ट्यूब पिळायला, लांबून चित्र पाहायचं तर माझी खुर्ची मागे ओढायला माणूस लागतो.

त्या माणसाचा पगार कुठून यायचा? चित्रातूनच. आपल्याकडे चित्राचा भाव पुष्कळदा चौरस इंचावर लावतात. त्या हिशेबात हा पगार कुठेच बसत नाही. प्रदर्शनात लोक आधी मला पाहतात, माझ्यासोबत फोटो काढतात, आणि किंमत ऐकली की गप्प होतात. मला वाईट वाटतं ते याचं, की तेवढ्या वेळात चित्राकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

एकेक चित्र विकून हा खर्च भागत नाही, हे आर्नुल्फ एरिच स्टेगमन या जर्मन चित्रकाराने फार आधी ओळखलं होतं. त्याचा जन्म १९१२ चा. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही हात गेले. १९५० च्या दशकात त्याने तोंडाने आणि पायाने रंगवणाऱ्या युरोपातल्या चित्रकारांना एकत्र आणलं आणि लिख्टेनश्टाइनमध्ये त्यांची संघटना उभी केली. तिचं काम आज भारतातही चालतं. एका चित्रावरून हजारो भेटकार्डं आणि कॅलेंडरं छापायची, ती विकायची, आणि त्या पैशातून शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यायचं. काम कसाला उतरलं तरच पूर्ण सभासदत्व मिळतं. पण एकदा ते मिळालं की पुढे प्रकृतीमुळे ब्रश धरता आला नाही, तरी मिळकत बंद होत नाही. माझ्या मते त्याच्या साऱ्या योजनेत मोलाची गोष्ट हीच. आमचं शरीर कधी साथ सोडेल, हे आम्हाला कुठे ठाऊक असतं?

हे चालतं छपाईच्या हक्कावर. आपल्या कायद्यानेही, स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र विकलं म्हणून त्याच्या छपाईचा हक्क विकला जात नाही. तो लेखी दिला तरच जातो. नव्या चित्रकारांनो, पावतीवर हे स्पष्ट लिहीत जा. आणि चित्र घेणाऱ्यांनो, ते घरी आवडीने लावा. पण त्यावरून कंपनीची दिवाळीची कार्डं छापायची असतील, तर आधी चित्रकाराला विचारा आणि त्याचे पैसे वेगळे द्या.