चिठ्ठीच्या आधी

ओपीडी बंद ठेवून यवतमाळ जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या डॉक्टर मित्रहो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. 'अपघातग्रस्ताची प्राथमिक तपासणी व तातडीचे उपचार : जिल्ह्याचा आढावा' असा विषय कार्यवाहांनी लिहून दिलाय. आढावा छापील पुस्तिकेत आहे, वाचून घ्या. मला एकाच शब्दावर बोलायचंय आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलोय. तो शब्द म्हणजे 'रेफर'.

नागपूर-हैदराबाद महामार्ग आपल्या वडकी, करंजी, पांढरकवड्यावरून जातो. वणीकडे कोळशाचे ट्रक. सोयाबीनच्या दिवसांत हडंब्यात गेलेले हात, रानडुकरानं फाडलेल्या मांड्या. असा माणूस दारात आला की आपल्यातले कितीतरी जण आधी पेन उचलतात. 'पुढील उपचारार्थ नागपूर.' यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ पडतं, पण रक्त काही किलोमीटर मोजून वाहत नाही.

सकाळच्या सत्रात वाद रंगला : छातीत कोंडलेली हवा काढायची सुई दुसऱ्या फासळीखाली घालायची की पाचव्या? अपघातोपचाराच्या एटीएलएस अभ्यासक्रमाच्या २०१८च्या आवृत्तीनं मोठ्या माणसासाठी पाचवी जागा सांगितली, हे खरं. माझं ऐका. एका रात्री, लोडशेडिंगमध्ये, ट्रॅक्टरखाली आलेला गडी आणला. ओठ निळे, मानेच्या शिरा फुगलेल्या, श्वासनलिका एका बाजूला सरकलेली. कंपाउंडरनं टॉर्च धरला, मी दुसऱ्या फटीत जाड सुई घातली. फस्सकन हवा सुटली आणि गड्यानं पहिलं काम काय केलं, तर मला शिवी हासडली. इतकी गोड शिवी पुन्हा ऐकली नाही. दुसरीत घाला, पाचवीत घाला. एक्स-रेची वाट बघू नका. वाद मिटला असं मी समजतो. (पहिल्या रांगेत कोणी मान हलवतंय. चहाला भेटू.)

'आमच्याकडे सीटी नाही, रक्तपेढी नाही.' ठाऊक आहे. पण हे एटीएलएस जन्मलं कुठं? १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यविशारदाचं विमान शेतात कोसळलं. बायको गेली, मुलं जखमी झाली, आणि गावच्या दवाखान्यात पोरांवर झालेले उपचार पाहून तो हादरला. दोन वर्षांत, १९७८ला, पहिला अभ्यासक्रम तिथंच उभा राहिला. म्हणजे ही विद्या आपल्यासारख्या गावांसाठीच होती. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं साधं, स्वस्त इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं जाणारे जीव वाचतात, हे २०१०च्या वीस हजार रुग्णांच्या अभ्यासानं दाखवलं. त्या इंजेक्शनला सीटी लागत नाही. आणि 'आधी पोलीस येऊ द्या' म्हणणाऱ्यांनी परमानंद कटारा खटला वाचावा. सर्वोच्च न्यायालयानं १९८९लाच ती सबब काढून घेतली.

आता माझं. नोकरीचं पहिलं वर्ष. कापसाच्या गाडीवरून पडलेला पोरगा, मांडीचं हाड बाहेर. फडकं लाल होत होतं. मी दाब दिला नाही, पाय फळीला बांधला नाही, शिरेत सुई टाकली नाही. चिठ्ठी मात्र सुंदर अक्षरात लिहिली. दोन तासांनी त्याला नेणारी जीप माघारी आली. बापानं शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"साहेब, कागद त होता आमच्यापाशी."

त्याला वाटत होतं, चूक त्याचीच झाली. मी त्याला काही सांगितलं नाही.

तर कामं. २०१४ला १०८ रुग्णवाहिका आली, रस्ते रुंद झाले, म्हणून रेफर आणखी सोपं झालंय, तेव्हा नवी चिठ्ठी करू : श्वास मोकळा केला का, छाती तपासली का, रक्त दाबलं का, किती वाजता. त्याखाली सही. सिस्टर आणि १०८च्या मंडळींसाठी प्रशिक्षणही घेऊ. समितीत कोण, ते जेवताना ठरवू. रक्ताचा प्रश्न मोठा आहे, तो पुढच्या वर्षी.

नमुना मी वहीच्या पानावर काढून आणलाय. कुणाला बघायचा असेल तर माझ्या खिशात आहे.