ठाऊक नाही, असे म्हणण्याची हिंमत



आज आम्ही एक चूक कबूल करायला उभे आहोत. गेल्या वर्धापनदिनी याच जागेवरून आम्ही छाती ठोकून सांगितलं होतं की, विश्व कसं जन्मलं ते विज्ञानानं पुरतं सांगून टाकलंय. कार्यक्रमानंतर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, त्या महास्फोटाच्या आधी काय होतं?" आम्ही म्हणालो, "मोठी झालीस की कळेल." खरं म्हणजे आम्हालाच उत्तर येत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं पोरीला गप्प बसवलं. ही रीत ना विज्ञानाची, ना धम्माची.

मग वर्षभर जमेल तसं वाचलं. दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखवलं. म्हणजे पूर्वी सगळं दाट आणि तप्त असणार. पुढे अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येऊ लागली. कबुतरांच्या विष्ठेमुळे असेल म्हणून त्यांनी ती साफ केली, तरी खरखर थांबेना. १९६५ मध्ये उलगडा झाला : ती त्या तप्त काळाची उरलेली ऊब होती!

आज विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं मानतात. ही ऊब आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघाली. त्याआधीचा प्रकाश थेट आपल्यापर्यंत येत नाही. खुणांवरून ताडावं लागतं. आणि अगदी पहिल्या क्षणापाशी आजचं गणितच अडतं. आम्ही साचेखात्यात काम केलं. कापडातला दोष पाहून साच्यात काय बिघडलंय ते ओळखायचो. पण कापूस कुणाच्या शेतात पिकला, ते ताग्यावरून कसं सांगणार? तसंच हे.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांना तर महास्फोटच मान्य नव्हता. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी वेगळा सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही. २०२५ मध्ये नारळीकर गेले. एवढा मोठा माणूस, म्हणून त्यांचा शब्द कोणी प्रमाण मानला नाही. त्यांनीही बहुमताला प्रमाण मानलं नाही. दोन्ही बाजूंनी मागितला तो पुरावा. कालाम लोकांना तथागतांनी दुसरं काय सांगितलं होतं?

आता काही जण म्हणतील, "बघा, विज्ञानाला कळत नाही, म्हणजे देवानंच केलं." मित्रहो, आपल्या दीपगृहाचा झोत ठराविक अंतरापर्यंतच जातो. पलीकडे अंधार आहे म्हणून तिथे भूत आहे, असं आपले खलाशी मानतात का? आणि देवानं विश्व केलं, तर देव कुणी केला? प्रश्न सुटला नाही, एक पायरी मागे गेला इतकंच.

मालुंक्यपुत्तानं तथागतांना विचारलं होतं, जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत? तथागतांनी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कुणी मारला, त्याचं गोत्र काय, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाल, तर मराल. याचा अर्थ आकाशाकडे बघू नका, असा आम्ही घेत नाही. दुःख दूर करण्याचं काम त्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका, असा घेतो. माणसाला माणूस म्हणून वागवायला विश्वाचा पहिला क्षण कळावा लागत नाही.

विज्ञान सगळं सांगू शकेल का? आमच्या मते, पुरतं बहुधा कधीच नाही. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो. पण जेवढं कळलं, तेवढं शोधूनच कळलं.

ती मुलगी आज समोर बसली आहे. बाळ, महास्फोटाच्या आधी काय होतं, ते आम्हाला ठाऊक नाही. अजून कुणालाच ठाऊक नाही. तू विचारत राहा. आणि पालकहो, घरात पोरांनी असं काही विचारलं, तर आमच्यासारखं करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!