राजीनाम्याच्या आधीचे दिवस

एसटी, दवाखाने, बँका, हॉटेलं, दुकानं यांत राबणाऱ्या बंधुभगिनींनो,

वाकाटकांच्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशिममध्ये, तुमचं मनापासून स्वागत. कारंजा, रिसोड, मानोऱ्याहून काही जण रात्रपाळी आटोपून थेट इथे आलात, याची आम्हाला जाण आहे.

चालू नोकरी सोडावी असं माणसाच्या मनात का येतं, हा आजचा विषय. पगार कमी, हे कारण कोणी नाकारू नये. पण मुक्कामी गाडीचा कंडक्टर बघा. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, हिशेब जुळवायचा, सीटवरच अंग टाकायचं आणि उजाडायच्या आत पहिली फेरी काढायची. गाडी का बिघडली, फेरी का रद्द झाली, हे त्याच्या हातात नसतं. बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात. माणूस कष्टानं खचत नाही, हातात नसलेल्या गोष्टींची बोलणी खाऊन खचतो, असं माझं ठाम मत आहे. दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतला कॅशियर यांचंही हेच दुखणं.

दुसरं कारण म्हणजे बिनभरवशाची नोकरी. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. नोव्हेंबरात सेवेच्या वर्षांप्रमाणे मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली. तरी हजारो कामगार निलंबन, बडतर्फी सोसून एप्रिल 2022 पर्यंत महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीवर ठाम राहिले. वाढीपेक्षा त्यांना हमी हवी होती: पगार तारखेला होईल आणि उद्याही नोकरी असेल, याची. त्या महिन्यांत आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलींची वाट बंद झाली होती, हेही विसरू नये.

आपला जिल्हा 1998 साली झाला. 2018 मध्ये आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. म्हणूनच इथे काम सोडणारा पोरगा शेजारच्या दुकानात जात नाही. पुण्याची ट्रॅव्हल्स धरतो. शिकवून तयार केलेल्या माणसाला गावच मुकतं.

सभागृहात बसलेल्या मालक आणि अधिकारी मंडळींना माझी विनंती आहे. साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाची दुप्पट मजुरी 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच आहेत. त्या मागाव्या लागू नयेत. ड्युटीची यादी आठवडाभर आधी लावा. गिऱ्हाईक अंगावर आलं, तर आपल्या माणसाच्या बाजूनं उभे राहा. आणि आज या व्यासपीठावरून कोणी आपलं गाऱ्हाणं मांडलं, तर उद्या कामावर त्याला त्या बोलण्याचा त्रास होऊ देऊ नका.