कानटोपीतून वसंत ऐकू येत नाही

आज पहाटे फिरायला निघालो तेव्हा कानटोपी घालायची की नाही, यावर आमच्या घरात बराच खल झाला. माघ सरत आलाय, होळीला जेमतेम तीन आठवडे उरलेत, पण नाशिकची थंडी काही हलायला तयार नाही. पानसुपारी झाली, निरोप घेऊन झाला, तरी उंबऱ्यात उभं राहून गप्पा मारणारे पाहुणे असतात ना, तशी तिची गत. तिकडे हिमालयात बर्फ पडला की चार दिवसांनी उत्तरेचे गार वारे खानदेश ओलांडून आमच्याकडे येतात. मग निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे ऐकूनच लोक स्वेटर शोधू लागतात.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो. म्हणजे आधी थंडीनं जायचं आणि मग वसंतानं यायचं, असा हिशेब आपण मनात धरून बसतो. हा हिशेब बर्फाळ मुलखातला. तिथली झाडं थंडीमुळे झोपतात आणि ऊब आली की जागी होतात. आपल्या पळसाची, सावरीची, सागाची गोष्ट निराळी आहे. ती पानं टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी. पावसाळा कधीच सरला, जमिनीतली ओल खाली चाललीय, पुढे चार महिने थेंब नाही. अशा वेळी पानांचा खर्च परवडत नाही. म्हणून आपला वसंत येतो तो कोरड्या फांद्यांवर, आणि थंडी घरात असतानाच येतो.

आपल्या पंचांगानं हे नीट ओळखलंय. ऋतूंच्या यादीत वसंत चैत्र-वैशाखाचा. पण वसंतपंचमी मात्र माघात, शिशिर नुकता सुरू झालेला असताना. लगेच दोन दिवसांनी रथसप्तमी. अंगणात गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालायचं ते सूर्याच्या नावानं. पारा खाली असला तरी उजेड वाढत असतो. डिसेंबरच्या 21 तारखेला नाशिकचा दिवस 11 तासांना थोडा कमीच भरतो. फेब्रुवारी संपताना तो पावणेबारा तासांच्या घरात जातो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, त्या तिळांची ही बेरीज.

मग खुणा शोधायच्या कुठे? मी सुरुवात काटेसावरीपासून करतो. पेठ रस्त्यानं सावळघाटाकडे जाताना ती निष्पर्ण उभी दिसते आणि अंगभर लाल फुलं. पाकळ्या इतक्या मांसल की फूल खाली पडतं तेव्हा थप्प असा आवाज येतो. वर बुलबुल, साळुंक्या, कोतवाल आणि परदेशी पाहुण्या भोरड्या यांची एकच झुंबड. सगळे मधासाठी आलेले. पान आड येत नाही, म्हणून फूल लांबूनही दिसतं. एप्रिल-मेपर्यंत बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर उडेल आणि पावसाआधी बी जमिनीला लागेल. आजच्या फुलामागे जूनच्या पावसाचं गणित आहे.

दुसरी खूण पळसाची, आणि ती बघायची ती फुलण्याआधी. फांदीवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस असतात. वरवर पाहिलं तर झाड वाळलंय असं वाटावं. मग एके सकाळी त्या मखमलीतून केशरी टोक बाहेर येतं, अगदी पोपटाच्या चोचीसारखं. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. किं शुक, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ नाव ठेवणाऱ्यानं झाड जवळून पाहिलं होतं, एवढं नक्की.

तिसरी खूण तुमच्या खिडकीबाहेरही असेल. शिंजीर, तो जास्वंदीवर लोंबकळणारा चिमुकला पक्षी. हिवाळ्यात नर मादीसारखाच मळकट पिवळा दिसतो, गळ्यापासून पोटाकडे एक काळी रेघ तेवढी. सध्या त्याचं रंगकाम चालू आहे. कुठे निळं-जांभळं चकाकतंय, कुठे जुना पिवळा तसाच. अर्धी रंगवून गवंडी जेवायला गेलेल्या भिंतीसारखा तो दिसतो!

अर्थात, वसंताची घाई सगळ्यांनाच नसते. निफाडकडचे माझ्या ओळखीचे एक बागाईतदार परवा म्हणाले, “सर, ही थंडी अजून आठ दिवस राहिली तर गहू हसेल आणि द्राक्षं रडतील.” खरंच आहे. दाणा भरताना गव्हाला गारवा हवा. ऊन लवकर तापलं तर दाणा बारीक राहतो. उलट, रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असं झालं की तयार द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. कोकणात हापूसवाल्यांची चिंता वेगळीच. फळं वाटाण्याएवढी धरलेली असताना थंडी रेंगाळली, तर झाडाला पुन्हा मोहोर येतो. झाडाचा सगळा जोर त्या नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची फळं गळतात. याला पुनर्मोहोर म्हणतात. शहरातल्या आपल्याला जी थंडी गुलाबी वाटते, ती कुणाच्या तरी वर्षाचा निकाल लावत असते. त्यांचं आभाळाकडे आणि फांदीकडे लक्ष असतं ते नुसत्या हौसेपोटी नव्हे.

आपण निदान एवढं करू शकतो. रोजच्या वाटेवरचं एक झाड निवडा. पळस नसेल तर पिंपळ घ्या, तो कुठेही असतो. पहिलं तांबूस पान कधी दिसलं, ती तारीख दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवा. दूधवाल्याचा खाडा लिहितो त्याच्या शेजारी. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. तीन-चार वर्षांत त्या झाडाची वेळ तुम्हाला कळू लागेल आणि ती चुकली तर तेही कळेल.

आता कानटोपीचं काय झालं ते सांगतो. घातली होती. थंडी होतीच, बोटं बधिर झाली होती. पण नदीकाठच्या वडाखाली आलो आणि काहीतरी अस्पष्ट ठोकल्यासारखं वाटलं. कान उघडे केले. टुक, टुक, टुक. तांबट पक्षी! भांड्यांच्या आळीत हातोडी चालावी तसा, एका लयीत, दम न घेता. वारा कानाला झोंबत होता. टोपी मी खिशातच ठेवली आणि तशीच घरी आणली.