बागेतला निवांत कोपरा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या इमारतीमागील मोकळ्या जागेत फरशी घालून वाहनांची सोय करावी, अशी सूचना आली आहे. वाहनांची अडचण खरी आहे. तरीही त्या जागेचा निदान एक कोपरा झाडांसाठी व स्वस्थ बसण्यासाठी राखावा, अशी माझी विनंती आहे.

ही चैन नव्हे. वडापिंपळाचा पार आणि अंगणातील तुळशीवृंदावन यांनी आपल्या वाडवडिलांना घटकाभर थांबण्याची जागा दिली. सदनिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना ती कोण देणार? येथून जवळच शांतिनिकेतन आहे. महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली तेथे जमीन घेतली. ज्या छातिमवृक्षांखाली ते ध्यानाला बसत, ते स्थान ‘छातिमतला’ म्हणून आजही जपलेले आहे. छातिम म्हणजे आपली सातवीण. रवींद्रनाथांची शाळा तेथे सुरू झाली १९०१ साली. आधी सावलीतली बैठक, मागाहून शाळा, असा तो क्रम आहे.

असा कोपरा करण्यास फार खर्च लागत नाही. बाकाच्या पाठीशी भिंत असावी. रहदारीचा आवाज भिंत अडवते. झुडपांचे कुंपण नजर अडवते, आवाज फारसा अडवीत नाही. वाट किंचित वळवावी, म्हणजे फाटकातून बाक दिसणार नाही. उतरत्या उन्हासाठी पश्चिमेस बकुळ लावावी. तिची वाढ सावकाश होते, म्हणून तोवर मांडवावर एखादा वेल चढवावा. जवळच पारिजातक असावा. सकाळी येणाऱ्यास फुलांचा सडा मिळेल. बाकाला हात अवश्य असावेत, कारण वृद्धांना उठताना आधार लागतो. ध्वनिक्षेपक मात्र तेथे कदापि नसावा.

गणेशोत्सवात आपण एकत्र येतो, गातो, जेवतो. परंतु ज्याच्या घरी नुकतेच दुःख घडले आहे, त्याने त्या गजबजाटात कोठे बसावे? त्याला आपली माणसे जवळ हवी असतात, पण बोलणे नको असते. मुलुखापासून दूर राहणाऱ्यास सोबत जशी लागते, तसा एकांतही लागतो. आणि सोबतीच्या हाकेवरचा एकांत अन्यत्र मिळत नाही.

दोन मोटारींची जागा कमी होईल. तेवढी सोडावी, इतकेच मागून मी आपली रजा घेतो.