कोठार, शेळी आणि फंड

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. पाट, बांध, धान्यकोठार, बार्लीची शेती. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास हवामान कोरडं झालं, शेती आटली आणि भिस्त शेळ्या-मेंढ्यांवर, शिकारीवर आली, असं उत्खननकारांचं मत. परिस्थिती बघून गुंतवणूकच बदलली म्हणा ना!

आपणही घरी जनावर आणताना आधी चारा, पाणी, सांभाळणारं माणूस बघतो. म्युच्युअल फंड घेताना मात्र फक्त गेल्या वर्षीचा परतावा! आधी पैसा कधी लागणार ते ठरवा. वर्षाच्या आत लागणार असेल तर लिक्विड फंड. सात-आठ वर्षं थांबता येत असेल तरच इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणारा फंड. इंडेक्स फंडाचा खर्च कमी, पण तोही बाजाराबरोबर पडतो. एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंडाच्या वार्षिक खर्चाचं प्रमाण, वाचल्याशिवाय अर्जावर सही करू नका.